पंपाच्या बोर्डावर आज्ञावली चढविणे व तिच्यातील दोष शोधणे

विहिरीवरील मोटार वेळेवर चालू व्हावी आणि वेळेवर बंद पडावी, एवढ्यासाठी आजवर किती शेतकऱ्यांनी झोपेचे खोबरे करून घेतले असेल याची गणती करणे कठीण आहे. शेतीपंपाची वीज पाळीने मिळते, पुष्कळ ठिकाणी ती रात्रीच्या पाळीत येते, आणि मग ओल्या बांधावरून, विंचूकाट्याच्या भयात विहिरीपर्यंत जावे लागते. वीज येताच मोटार आपोआप चालू करणारे स्विच आले तेव्हा हा त्रास काहीसा कमी झाला. परंतु त्या स्विचाला जमिनीची ओल कळत नाही. पिकाला पाणी हवे असो वा नसो, विहिरीत पाणी असो वा नसो, वीज आली की तो मोटार चालू करतो. शिवाय परिसरातील सर्वच मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या म्हणजे रोहित्रावर एकदम भार पडतो तो निराळाच.

यामुळे जमिनीतील ओल मोजून मोटार चालविणारी लहान उपकरणे घरीच जुळविण्याकडे काही शेतकऱ्यांचा व त्यांच्या शिकलेल्या मुलांचा कल होऊ लागला आहे. अशा उपकरणाचा मुख्य भाग म्हणजे तळहातावर सहज मावेल एवढा एक बोर्ड. तो विकत आणणे सोपे आहे. त्याच्याकडून नेमके हवे तेच काम करून घेणे तितकेसे सोपे नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे मग तक्रारी येतात. बोर्ड संगणकाला लागतच नाही. पंप दहा मिनिटांऐवजी दहा सेकंदांत थांबतो. किंवा, आणि हे सर्वांत वाईट, पंप थांबतच नाही. विजेच्या दुकानात या तक्रारींचे निवारण होत नाही, कारण दोष बहुधा तारेत नसून बोर्डावर लिहिलेल्या आज्ञांत असतो. न थांबलेली मोटार एका रात्रीत विहीर उपसून टाकते आणि कोरडी फिरून जळते. पाणी जादा झालेला हरभरा उभळतो, कांद्याच्या वाफ्यात पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून आज्ञावली बोर्डावर कशी चढवावी आणि ती चुकली असता चूक कशी शोधावी, हे मोटार जोडण्याच्या आधी शिकून घेणे अगत्याचे आहे.

बोर्डावर काय असते

बाजारात अनेक जातींचे बोर्ड मिळतात. येथे ‘आर्डुइनो उनो’ या बोर्डाचा विचार केला आहे, कारण शिकणाऱ्याच्या हाती बहुधा तोच प्रथम येतो आणि त्याच्या रचनेची माहिती सर्वांना खुली आहे. आर्डुइनोचा आरंभ २००५ साली इटलीतील इव्हरेआ या गावी झाला. विद्यार्थ्यांना स्वस्त व सोपे साधन मिळावे हा त्यामागील हेतू होता. उनो हा बोर्ड २०१० साली निघाला. इटालियन भाषेत उनो म्हणजे एक. रचना खुली असल्यामुळे त्याच्या स्वस्त प्रतिकृतीही पुष्कळ मिळतात आणि कामास त्या चालतात.

बोर्डावर एटीमेगा ३२८पी नावाची चिप असते. तिच्यात स्मृतीचे तीन भाग आहेत. पहिला भाग फ्लॅश, तो ३२ किलोबाइटचा. यात आज्ञावली राहते आणि वीज गेली तरी ती पुसली जात नाही. दुसरा भाग केवळ २ किलोबाइटचा असून काम चालू असताना लागणारे आकडे त्यात ठेवले जातात. वीज जाताच तो कोरा होतो. फ्लॅश ही सातबाऱ्यावरील नोंद मानली तर हा दुसरा भाग म्हणजे पाटीवर खडूने केलेला हिशेब होय. तिसरा भाग ईईप्रॉम, १ किलोबाइटचा. जे आकडे वीज गेल्यावरही राहावेत असे वाटते ते येथे ठेवावयाचे असतात.

फ्लॅशमध्ये कायम वस्तीस असलेल्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात आणि ती तेथे नेऊन बसविण्यास फ्लॅश करणे असे म्हणतात. ‘प्रोग्रॅम चढविणे’ हा बोलीतला शब्द त्याहून चांगला आहे. फ्लॅशवर किमान १०,००० वेळा लिहिता येते असे चिप बनविणारे सांगतात. दररोज पाच वेळा आज्ञावली चढविली तरी ही मर्यादा गाठावयास पाच वर्षांहून अधिक काळ लागेल. तेव्हा पुनःपुन्हा चढविल्याने बोर्ड झिजेल ही भीती शिकणाऱ्याने बाळगू नये.

दुसरी एक भीती असते ती अशी की, आज्ञावली चढविताना मध्येच वीज गेली किंवा केबल निसटली तर बोर्ड कायमचा बाद होईल. तसेही होत नाही. फ्लॅशच्या टोकाला अर्ध्या किलोबाइटच्या जागेत बूटलोडर नावाची एक छोटी आज्ञावली आधीच बसविलेली असते. तिला देवडीवरचा पहारेकरी म्हणावे. संगणकाकडून रीसेटचा इशारा आला किंवा बोर्डावरील रीसेटचे बटण दाबले की ती क्षणभर वाट पाहते. बाहेरून नवी आज्ञावली येत असल्यास ती उतरवून घेते, नसल्यास आत असलेल्या आज्ञावलीच्या हाती कारभार सोपविते. अर्धवट राहिलेल्या चढाईत हा पहारेकरी आपल्या जागी सुरक्षित असतो. केबल नीट बसवून पुन्हा आज्ञावली चढवावी म्हणजे झाले.

चढविण्याची रीत

संगणकावर आर्डुइनोची मोफत मिळणारी लेखनप्रणाली बसवावी. तीत आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहाव्या लागतात. या लेखात त्यांचे केवळ उच्चार दिले आहेत. बोर्डाची जात व पोर्ट यांची निवड करावी. बरोबरच्या खुणेचे बटण दाबले असता लिहिलेला मजकूर तपासला जाऊन त्याचे यंत्रभाषेत रूपांतर होते, आणि बाणाचे बटण दाबले असता तो बोर्डावर जातो. जाताना बोर्डावरील दोन बारीक दिवे भराभर लुकलुकतात.

प्रथमच पंपाच्या आज्ञावलीस हात घालू नये. लेखनप्रणालीतील उदाहरणांत ‘ब्लिंक’ नावाची आज्ञावली दिलेली असते. ती १३ क्रमांकाच्या पिनेवरील दिवा एक सेकंद लावते व एक सेकंद विझविते. ती चढवून पाहावी. पण तेथेच समाधान मानू नये, कारण नव्या बोर्डावर ब्लिंक आधीपासून असण्याचा संभव असतो आणि दिवा लुकलुकला म्हणजे नुकतीच चढविलेली आज्ञावलीच चालू आहे असे सिद्ध होत नाही. सेकंदाऐवजी पाव सेकंद लिहून पुन्हा चढवावी. दिव्याची चाल बदलली तरच संगणकापासून चिपपर्यंतचा सगळा मार्ग मोकळा आहे असे समजावे.

मार्ग मोकळा नसेल तर संगणकाच्या पडद्यावर ‘नॉट इन सिंक’ किंवा ‘प्रोग्रामर इज नॉट रिस्पॉन्डिंग’ अशा अर्थाच्या ओळी येतात. बोर्डाकडून उत्तर आले नाही, एवढाच त्यांचा अर्थ. यावर पुष्कळ लोक लगेच बोर्ड जळला असे म्हणून दुसरा आणतात. पीक पिवळे दिसताच मुळाशी पाणी साचले आहे काय हे न पाहता युरियाचे पोते फोडणाऱ्याची जी गत होते, तीच त्यांची होते. स्वस्त कारणे आधी पाहावीत. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे केबल. मोबाइलबरोबर आलेल्या काही केबलींत केवळ वीज वाहणाऱ्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. केबल बदलूनही पोर्टांच्या यादीत बोर्ड येत नसेल, तर प्रतिकृती बोर्डांवर पुष्कळदा आढळणाऱ्या सीएच ३४० या चिपेसाठी लागणारा ड्रायव्हर संगणकावर बसविलेला आहे की नाही ते पाहावे.

पोर्ट दिसते पण आज्ञावली जात नाही, असे झाल्यास ० व १ या क्रमांकांच्या पिना पाहाव्यात. संगणकाशी बोलण्यासाठी बोर्ड याच दोन पिना वापरतो. ओल मोजणारा संवेदक किंवा अन्य काही त्यांना जोडलेले असेल तर संभाषणात अडथळा येतो. त्या तारा सोडवून पुन्हा प्रयत्न करावा. उनोऐवजी ‘नॅनो’ हा त्याचा धाकटा भाऊ वापरीत असल्यास आणखी एक गोम आहे. जुन्या बूटलोडरच्या नॅनो अद्याप विकल्या जातात व त्यांचा बोलण्याचा वेग निराळा असतो. यादीतून ‘ओल्ड बूटलोडर’ हा पर्याय निवडताच त्या निमूटपणे आज्ञावली घेतात.

इतके करूनही उलगडा न झाल्यास एक सोपी परीक्षा आहे. रीसेटची पिन एका तारेने ग्राउंडला जोडावी, म्हणजे मुख्य चिप निद्रिस्त राहते. मग ० व १ या पिना एकमेकींना जोडाव्यात. संगणकावर सीरियल मॉनिटर उघडून काही अक्षरे पाठवावीत. तीच अक्षरे परत आली तर केबल, पोर्ट व ड्रायव्हर निर्दोष आहेत आणि दोष मुख्य चिपेकडे आहे. परत आली नाहीत तर चिपेस बोल लावण्याचे कारण नाही.

कीड शोधणे

आज्ञावलीतील दोषास इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा आणि तो काढण्यास डीबगिंग म्हणतात. यंत्रातील दोषास किडा म्हणण्याची चाल जुनी आहे. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रव्यवहारातही ती आढळते. परंतु १९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क २ या संगणकात खरोखरीचाच एक पतंग रिलेमध्ये अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. पंपाच्या उपकरणातही रिले असतो आणि विहिरीवरच्या पेटीत पाली व मुंग्या शिरतात. तेव्हा पेटीला नीट झाकण व तारांच्या भोकांना रबरी बूच हवे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

आज्ञावलीतली कीड मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती दिसावी म्हणून बोर्डालाच बोलते करावे लागते. ‘सीरियल प्रिंट’ ही आज्ञा जागोजागी घातली असता ओलीचा आकडा काय आला, मोटार चालू करण्याचा निर्णय झाला की नाही, किती वेळ उरला, हे बोर्ड संगणकाच्या पडद्यावर लिहून दाखवितो. अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटली तर बोर्डाचा व पडद्याचा वेग जुळत नाही असे समजावे. आज्ञावलीत ९६०० लिहिले असेल तर पडद्यावरही ९६०० निवडावे. येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. सीरियल मॉनिटर उघडताच उनो बोर्ड नव्याने सुरू होतो, त्यामुळे दोन दिवसांनी उद्भवलेला दोष पाहण्यासाठी संगणक जोडावा तर दोष नाहीसा झालेला असतो. आणि लांबलचक वाक्ये छापू लागल्यास ती २ किलोबाइटची पाटी भरून जाते व बोर्ड वेडेवाकडे वागू लागतो. वाक्ये आखूड ठेवावीत.

एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल केले आणि दोष गेला तर कोणत्या बदलाने गेला हे कधीच कळत नाही. कोणते खत लागू पडले हे पाहावयाचे असता दोन खते एकाच वाफ्यात टाकू नयेत, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

पंधरा मिनिटांचे एकोणपन्नास दिवस

पंपाच्या आज्ञावलीत घातक ठरणारा एक दोष हिशेबाचा आहे. तो उदाहरण घेऊनच पाहणे बरे.

हा बोर्ड वेळ मिलिसेकंदांत मोजतो. पंप दहा मिनिटे चालवावयाचा असेल तर १० गुणिले ६० गुणिले १००० असे लिहिण्याकडे सहज प्रवृत्ती होते. उत्तर ६,००,००० यावयास हवे. पण उनोवर साध्या पूर्णांकासाठी जी जागा मिळते तीत उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतचेच आकडे मावतात. त्यापुढे गेले की, जुन्या दुचाकीवरील किलोमीटरची चक्रे ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतात तसा, हा हिशेब वळसा घेतो. प्रत्येक वळसा ६५,५३६ चा. सहा लाखांतून असे नऊ वळसे, म्हणजे ५,८९,८२४, गेले की १०,१७६ उरतात. दहा मिनिटांऐवजी पंप दहा सेकंदांत थांबतो. दुकानदार मग मोटारीचा ओव्हरलोड तपासतो, वायरमन स्टार्टर उघडतो, आणि दोष मात्र गुणाकारात असतो.

दहा सेकंदांत थांबणाऱ्या पंपाने विशेष नुकसान होत नाही. पण तोच शेतकरी दहाचे पंधरा करतो तेव्हा काय होते? पंधरा मिनिटांचे ९,००,००० मिलिसेकंद. तेरा वळशांचे ८,५१,९६८ वजा जाता ४८,०३२ उरतात. हा आकडा ३२,७६७ हून मोठा असल्यामुळे चिप त्यास उणे १७,५०४ समजते. पुढे हाच आकडा वेळ ठेवण्याच्या मोठ्या जागेत जातो. तेथे उणे आकडे नसतात. म्हणून त्याचे ४,२९,४९,४९,७९२ मिलिसेकंद होतात, म्हणजे ४९ दिवस व सुमारे १७ तास. पंप थांबणारच नाही. आणि अर्धा तास लिहिले तर तो पुन्हा साडेतीस सेकंदांतच थांबेल. एकाच ओळीतील एकाच चुकीची ही तीन फळे.

या दोषाची खरी मेख चाचणीत आहे. चाचणी घेणारा मनुष्य पंधरा मिनिटे वाट पाहत बसत नाही. तो १० सेकंद, म्हणजे १० गुणिले १०००, लिहून पाहतो. १०,००० हा आकडा मर्यादेत मावतो, रिले वेळेवर सुटतो, सर्वांचे समाधान होते. मग शेतावर जाताना सेकंदांच्या जागी मिनिटे घातली जातात. चाचणीत उतरलेली आज्ञावली आणि शेतावर गेलेली आज्ञावली या दोन निराळ्या आज्ञावल्या असतात, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

उपाय सोपा आहे. आकड्याच्या पुढे ‘यू’ आणि ‘एल’ ही दोन इंग्रजी अक्षरे जोडून लिहावीत, म्हणजे हिशेब आरंभापासूनच मोठ्या जागेत होतो. वेळेचा प्रत्येक आकडा ‘अनसाइन्ड लाँग’ या जातीचा ठेवावा. लेखनप्रणाली अशा चुकीचा इशारा देऊ शकते, परंतु तो इशारा मुळात बंद ठेवलेला असतो; पसंतीच्या पानावर जाऊन सर्व इशारे चालू करावेत. मिनिटांचा आकडा आज्ञावलीत सरळ न लिहिता दुसरीकडून येत असेल तर मात्र इशाराही मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

बोर्डाचे घड्याळ स्वतःही ४९ दिवस व सुमारे १७ तासांनी शून्यावर येते. म्हणून ‘आताची वेळ उणे सुरुवातीची वेळ’ अशी वजाबाकी करून ती ठरविलेल्या काळाशी ताडावी. सुरुवातीच्या वेळेत काळ मिळवून येणाऱ्या बेरजेशी तुलना करू नये, कारण घड्याळ शून्यावर येण्याच्या सुमारास ती बेरीज फसते.

रिले, स्टार्टर आणि परत आलेली वीज

रिले म्हणजे विद्युच्चुंबकाने चालणारा स्विच. बाजारातील पुष्कळ रिले-पट्ट्या उलट्या चालीच्या असतात. पिनेवर वीज नसता रिले लागतो व वीज असता सुटतो. आज्ञावलीच्या आरंभी पिन ‘आउटपुट’ म्हणून घोषित केली की त्याच क्षणी ती शून्यावर जाते, आणि रिले लागतो. पुढच्याच ओळीत तो सोडण्याची आज्ञा असेल तर केवळ टक् असा आवाज होतो. पण मध्ये संवेदक स्थिर होण्यासाठी दोन-चार सेकंद थांबण्याची आज्ञा असेल तर तेवढा वेळ मोटार चालू राहते. कोणी विहिरीत उतरून फुटव्हॉल्व्ह साफ करीत असता वीज परत आली आणि असे झाले, तर काय ओढवेल याची कल्पनाच केलेली बरी. म्हणून प्रथम पिनेवर ‘हाय’ लिहावे आणि नंतर ती आउटपुट म्हणून घोषित करावी. बूटलोडरचे काम चालू असता पिन अधांतरी असते. ती १० किलोओहमच्या रोधाने ५ व्होल्टला बांधून ठेवावी. १३ क्रमांकाच्या पिनेला रिले कधीही जोडू नये, कारण प्रत्येक रीसेटच्या वेळी बूटलोडर तीवरील दिवा लुकलुकवितो. आणि उपकरण कितीही चांगले असले तरी विहिरीत उतरण्यापूर्वी मुख्य स्विच हाताने बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत.

मोटार लागताच बोर्ड नव्याने सुरू होतो, ही तक्रारही पुष्कळ असते. ती ओळखण्यासाठी आज्ञावलीच्या अगदी पहिल्या ओळीस ‘सुरू झाले’ अशा अर्थाचा एक शब्द छापण्याची व्यवस्था करावी. काम चालू असता तो शब्द पुन्हा दिसला तर बोर्ड रीसेट झाला असे निश्चित समजावे. कारण बहुधा स्टार्टरच्या कॉइलीतून उठणारा विजेचा झटका किंवा दुबळा अॅडॅप्टर असते. बोर्डास व रिलेस निराळा वीजपुरवठा द्यावा, पेटी स्टार्टरपासून दूर टांगावी, संवेदकाची तार मोटारीच्या केबलीबरोबर एकाच नळीतून नेऊ नये. कॉइलीवर झटका शोषणारा स्नबर बसविणे हे वायरमनचे काम आहे.

वीज परत आल्यावर बोर्डाने निदान पाच मिनिटे मोटार बंद ठेवावी, अशी आज्ञा अवश्य घालावी. शेजाऱ्याने सहा, त्याच्या शेजाऱ्याने आठ ठेवली तर रोहित्रावरील भार आपोआप विभागला जाईल. वीज जाण्यापूर्वी किती वेळ पाणी दिले गेले हे लक्षात राहावे म्हणून काही जण तो आकडा ईईप्रॉममध्ये लिहितात. ते योग्य आहे; परंतु दर सेकंदास लिहू नये. ईईप्रॉमची एक जागा सुमारे १,००,००० वेळा लिहिण्यापुरती टिकते. दर सेकंदास लिहिल्यास हे आयुष्य २८ तासांत संपते. मोटार लागताना व सुटताना एकेकदा लिहावे.

ओलीचे आकडे

संवेदकाचा आकडा ० पासून १०२३ पर्यंत येतो. दोन उघड्या धातूच्या दातांचा संवेदक स्वस्त मिळतो, पण त्यातून सतत वीज वाहत राहिल्यास दात जमिनीत झपाट्याने गंजतात. तो घेतल्यास मोजण्यापुरतीच वीज द्यावी. लेप दिलेला, धारिता मोजणारा संवेदक अधिक टिकतो. त्याचा आकडा पुष्कळदा उलट चालतो, म्हणजे ओल वाढली की आकडा कमी होतो. प्रत्येक शेतावर तेथलीच कोरडी माती व तेथलीच ओली माती घेऊन दोन आकडे नोंदवावेत. दुसऱ्याच्या शेतातले आकडे उसने घेऊ नयेत. काळ्या जमिनीस भेगा पडतात तेव्हा संवेदक व माती यांत पोकळी राहते आणि जमीन ओली असूनही आकडा कोरड्याचा येतो. तार तुटली तर पिन अधांतरी राहून आकडे वाऱ्यावर हेलकावे खातात. म्हणून नोंदवलेल्या दोन मर्यादांच्या बाहेरचा आकडा आला तर मोटार बंद ठेवावी, आणि संवेदक काहीही सांगो, ठरावीक कमाल वेळेनंतर मोटार सुटलीच पाहिजे, असे दोन नियम आज्ञावलीत पक्के करावेत.

आज्ञावली एखाद्या ओळीवर अडकून पडली तर हे नियमही निरुपयोगी ठरतात. त्यासाठी चिपेतच ‘वॉचडॉग’ म्हणजे राखणीचा कुत्रा असतो. आज्ञावलीने त्याला ठरावीक वेळेत, जास्तीत जास्त ८ सेकंदांत, थोपटले नाही तर तो बोर्ड नव्याने सुरू करतो. आरंभीची अवस्था मोटार बंदची ठेवलेली असेल तरच या राखणीचा उपयोग.

मोटार जोडण्यापूर्वी

रिलेला मोटारीऐवजी १२ व्होल्टचा एक लहान दिवा जोडून उपकरण निदान आठवडाभर शेतावर चालवावे. या काळात वेळेचे आकडे शेतावर खरोखर वापरावयाचे तेच असावेत, आखूड केलेले नसावेत. वहीत तारीख, वेळ, ओलीचा आकडा व दिवा लागला की नाही याची नोंद ठेवावी. शेजारी वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा होतो की भुगा होतो तेही लिहावे. मूठ एक सांगते व आकडा दुसरे सांगतो असे दिसल्यास मुठीवर विश्वास ठेवून संवेदक पुन्हा रोवावा. मुद्दाम संवेदकाची तार उपटून पाहावी, वीज बंद-चालू करून पाहावी, रीसेट दाबून पाहावे. प्रत्येक वेळी दिवा विझलेलाच राहिला पाहिजे.

त्यानंतर परवानाधारक वायरमनकडून रिले स्टार्टरच्या कॉइलीच्या मार्गात जोडून घ्यावा. छोट्या रिलेमधून थ्रीफेज मोटारीचा प्रवाह नेऊ नये आणि स्टार्टरमधील ओव्हरलोडचे संरक्षण काढू नये. मुख्य वीज चालू असता बोर्डास संगणक जोडू नये. आज्ञावली बदलावयाची असल्यास बोर्ड सोडवून घरी आणावा.

आज्ञावली ज्याने लिहिली त्याच्याकडून तिचा मूळ मजकूर मागून घ्यावा. चिपेत जाते ती यंत्रभाषा. ती परत काढता आली तरी तिच्यावरून मूळ लेख जसाच्या तसा मिळत नाही. लिहिणारा मुलगा नोकरीस शहरात गेला म्हणजे पेटी चालू असूनही तिच्यातला एक आकडा बदलणे कोणास शक्य होत नाही. मूळ मजकुराची एक प्रत शेतकऱ्याने व एक कार्यकर्त्याने जपावी. पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस एक चिठ्ठी डकवावी. तिच्यावर आज्ञावलीचे नाव, चढविल्याची तारीख, त्या शेतातील कोरड्या व ओल्या मातीचे आकडे, आणि कोणती पिन कोठे जोडली आहे हे बॉलपेनाने लिहावे. शाई पावसाळी हवेत पसरते.